विश्लेषण : गाडी एकच, मग गिअरबॉक्स तीन का?

ह्युंदाईच्या शोरूममध्ये ‘क्रेटा ऑटोमॅटिक हवी’ एवढंच सांगून भागत नाही. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या क्रेटात ऑटोमॅटिकचे तीन प्रकार आहेत. साध्या १.५ लिटर पेट्रोल इंजिनाला आयव्हीटी (हा सीव्हीटीचाच प्रकार), टर्बो पेट्रोलला सात गिअरचा डीसीटी आणि डिझेलला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर. यांची अदलाबदल करून मिळत नाही.

शक्ती सारखी, तरी फरक का?

साधं पेट्रोल ११५ पीएस, डिझेल ११६ पीएस. जाहिरातीत हाच आकडा ठळक असतो. पण गिअरबॉक्सला सोसावा लागतो तो टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पीळ. पेट्रोलमध्ये तो १४४ न्यूटन-मीटर, तर डिझेलमध्ये २५०. सीव्हीटीत ठरावीक दात्यांचे गिअर नसतात. दोन पुलींमध्ये दाबून धरलेला पट्टा किंवा साखळी ताकद पुढे नेते. पीळ वाढला की ती घसरू नये म्हणून दाबही वाढवावा लागतो. म्हणून सीव्हीटी बहुधा कमी टॉर्कच्या इंजिनांच्या वाट्याला येतो.

टर्बो पेट्रोलचा टॉर्क मात्र २५३, म्हणजे डिझेलइतकाच. तिथे फेऱ्यांचा प्रश्न येतो. डिझेलची कमाल शक्ती मिनिटाला ४००० फेऱ्यांवर मिळते, टर्बोची ५५०० वर. त्यामुळे गिअरचं गुणोत्तर वेगळं ठेवावं लागतं. शिवाय डीसीटी झटपट गिअर बदलतो, आणि टर्बोच्या गिऱ्हाइकाला तेच हवं असतं. रांगत्या ट्रॅफिकमध्ये मात्र टॉर्क कन्व्हर्टर सुखाचा. तेलातून ताकद नेत असल्याने त्याला क्लच घासत बसावं लागत नाही.

जुना गिअरबॉक्स घेताना काय?

खरा फटका इथे बसतो. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या. जुन्या डिझेल स्विफ्ट अजून रस्त्यावर आहेत. गिअरबॉक्स गेला की मालक कुर्ल्यासारख्या जुन्या सुट्या भागांच्या बाजाराकडे वळतो आणि ‘स्विफ्टचाच आहे’ हे उत्तर ऐकतो. पण स्विफ्टचं १.३ लिटर डिझेल इंजिन मूळ फियाटचं, १.२ पेट्रोल सुझुकीचं. इंजिनाला जोडणाऱ्या बोल्टच्या जागाच जुळत नाहीत. जुळवून बसवलाच, तरी ११३ न्यूटन-मीटरच्या इंजिनासाठी बनवलेल्या गिअरवर १९० चा भार पडणार. ऑटोमॅटिकमध्ये तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या संगणकांचंही एकमेकांशी जुळावं लागतं.

तेव्हा मॉडेलचं नाव विचारू नका. आपल्या चासी नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गिअरबॉक्सचा पार्ट नंबर काढून घ्या, बाजारातल्या मालाशी पडताळा आणि मगच पैसे मोजा.