जात मनातून काढायची म्हणजे नेमकी कुठून?

‘जात मनात असते, मनातून काढून टाका’ हे वाक्य आमच्या तरुणांना कॉलेजात, ऑफिसात आणि हल्ली व्हॉट्सअॅप ग्रुपवरही ऐकावे लागते. ऐकायला गोड आहे. पण या वाक्यात जात ही एकेकट्या माणसाची खोड ठरते आणि समाज नामानिराळा राहतो. आमचा आक्षेप याला आहे.

समाजशास्त्राच्या पहिल्याच वर्षी एमिल दुर्खीमची ‘सामाजिक तथ्य’ ही संकल्पना शिकवतात. परीक्षेपुरती पाठ करून सोडून देण्यासारखी ती नाही. आपल्या जन्माआधीपासून असलेले, आपल्या बाहेर असलेले आणि मोडायला गेलो तर दंड करणारे ते सामाजिक तथ्य. हे वाचताना आम्हाला महाड आठवते.

चवदार तळ्याचे पाणी रसायनशास्त्राच्या लेखी चारचौघा तळ्यांसारखेच. गुरेढोरे ते पीत होती. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव मंजूर झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुले केले. कागद बदलला, पाण्याचा अर्थ तोच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि हजारो माणसे तळ्यावर जाऊन पाणी प्यायली. त्यानंतर ‘हे आता देवळात घुसणार’ अशी अफवा उठली आणि आपल्या माणसांवर हल्ला झाला. मग शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले गेले. शेणाने पाणी शुद्ध होते आणि माणसाच्या ओंजळीने बाटते! हे कुणा एकाच्या मनातले खूळ असते तर गाव हसले असते. पण त्यामागे भटजी होता, मंत्र होता, लाठी होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेनेही आपला ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले.

अर्थ असा तयार होतो आणि असा राखला जातो. म्हणून तो मोडायचा तर चारचौघांत, संघटितपणे मोडावा लागतो. घरात डोळे मिटून मन साफ करून भागत नाही.

बाबासाहेबांनी हे फार लवकर ओळखले होते. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात, वयाच्या पंचविशीत, त्यांनी जातीचे मूळ सजातीय विवाहात दाखवले. विवाह ही संस्था आहे, कुणाची मनःस्थिती नव्हे. ‘आम्ही जात मानत नाही’ म्हणणाऱ्या घरांतले लग्नाचे बायोडाटा एकदा वाचा!

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. चांगलेच झाले, नावात अपमान होता. पण पाटीवर समतानगर लिहिले तरी वस्ती गावाच्या कडेलाच आहे आणि ग्रामपंचायतीचा नळ तिथे शेवटी पोचतो. पाटी रंगवायला एक दुपार लागते. नळाची पाइपलाइन कोणत्या बाजूने टाकायची, हे ग्रामसभेत भांडूनच ठरवावे लागेल, आणि त्या सभेला आपली किती माणसे हजर असतात?