एका सेकंदाला चोवीस चौकटी

शाळेतून आलेले मूल मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसले की घरोघरी एकच वाक्य ऐकू येते, "पुरे झाली ती कार्टुने!" आईचे काही चुकत नाही. एक संपले की दुसरे आपोआप सुरू होते आणि त्यात बहुधा नुसता आरडाओरडा नि आदळआपट. पण त्याच पडद्यावर मुलाशेजारी बसून पाहावे असेही बरेच काही असते. ते आपणहून समोर येत नाही, शोधावे लागते, इतकेच.

बंगळुरूचे उदाहरण घ्या. तिथल्या मुलांच्या कानांवर 'गोविन हाडु' हे गाईचे गाणे लहानपणीच पडते. पुण्यकोटी नावाची गाय वाघाच्या तावडीत सापडते. वासराला शेवटचे पाजून येते, असा शब्द देऊन ती घरी जाते आणि खरोखरच परत येते. आपल्याकडच्या बहुला गाईच्या कथेचीच ही बहीण. नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या मराठी घरांतही हे गाणे मुलांबरोबर शाळेतून येते.

याच कथेवर बंगळुरूच्या व्ही. रविशंकर यांनी 'पुण्यकोटी' हा मोठा ॲनिमेशनपट केला, आणि तोही संस्कृतात! गाय, वाघ आणि संस्कृत म्हटल्यावर पैसे लावायला कोण धावणार? त्यांनी इंटरनेटवरून लोकवर्गणी मागितली आणि लोकांनी ती दिली. वेगवेगळ्या शहरांतल्या चित्रकारांनी काम वाटून घेतले. संगीत इळैयराजांचे, आवाज देणाऱ्यांत अभिनेत्री रेवती. काही वर्षे खपल्यावर 2020 मध्ये चित्रपट नेटफ्लिक्सवर आला.

एवढा वेळ का लागतो? पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी सरकतात. तासाच्या झाल्या 86,400, म्हणजे दिवसात जितके सेकंद तितक्या! काटकसर म्हणून एकच चित्र दोन चौकटी वापरतात, तरी निम्मी चित्रे उरतातच. हे मुलाला सांगण्यापेक्षा दाखवावे. संगणकावर यूट्यूबवरचे चित्र थांबवून पूर्णविरामाची कळ दाबत गेले की एकेक चौकट पुढे जाते. उडी मारण्याआधी ससा किती खाली वाकतो, चेंडू जमिनीवर आपटताना कसा चपटा होतो, हे तेव्हा कळते. अर्धा तास यात सहज जातो आणि मग जुन्या वहीच्या कोपऱ्यांवर पळणारा माणूस काढायची घाई होते. पाने फरफर उलटली की तोही पळतो.

आजीलाही या खेळात घ्यावे. 'एक अनेक और एकता' हा 1974 चा लघुपट लावला तर दूरदर्शनच्या दिवसांत मुले वाढवलेली आजी बहुधा गाऊच लागेल. तो एका मराठी बाईंनी, विजया मुळे यांनी दिग्दर्शित केला होता, हे मात्र तिलाही ठाऊक असेलच असे नाही. त्यातले ॲनिमेशन भीमसेन यांचे.

खरी अडचण पुढे येते. दहावीतली मुलगी एके दिवशी म्हणते, "मला हेच शिकायचे आहे." बाबा विचारतात, "यात पोट भरते का गं?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे गोड उत्तर देणे बरे नव्हे. 2016 च्या 'द जंगल बुक'मधले मोगलीचे जंगल उभारण्यात एमपीसी कंपनीच्या बंगळुरू स्टुडिओतल्या कलाकारांचा मोठा हात होता. दृश्य परिणामांसाठी त्या चित्रपटाला ऑस्कर मिळाले. पुढे फेब्रुवारी 2025 मध्ये एमपीसीची मालक कंपनी टेक्निकलर परदेशात कोसळली, तिचा बंगळुरूतला कारभारही बंद पडला आणि तिथल्या कलाकारांच्या नोकऱ्या एकाएकी गेल्या. हप्ते, घरभाडे, मुलांच्या फिया तशाच उभ्या.

तेव्हा मुलीला नाही म्हणू नये, पण एकाच मोठ्या स्टुडिओच्या भरवशावर स्वप्नही बांधू देऊ नये. जाहिरातीतली नाचती अक्षरे, निवडणूक निकालाचे हलते नकाशे, शाळेच्या धड्यात धडधडणारे हृदय, हेही याच विद्येचे काम. त्याला मोशन ग्राफिक्स म्हणतात आणि ते दोन-चार माणसांच्या खोलीतूनही होते. सॉफ्टवेअर दर दोन-तीन वर्षांनी नवे शिकावे लागते, हेही आधीच सांगून टाकावे.

'द जंगल बुक' कुठे पाहायला मिळाला, तर शेवटी टीव्ही बंद करण्याची घाई करू नये. नावांची लांबच लांब यादी सरकते आणि त्यात आपल्याकडची कितीतरी आडनावे आहेत. ती मुलीलाच मोजू द्यावीत.