उष्टं कुणाचं?

रविवारी दुपारी बाराच्या सुमाराला निपाणीतल्या एखाद्या मटणाच्या खानावळीसमोर जरा वेळ उभं राहा. काउंटरवरचा पोरगा पातेल्यातून उकळता तांबडा रस्सा उचलतो, पातळ पिशवीत ओततो, तोंडाला पीळ देऊन रबर लावतो. पांढरा रस्सा दुसऱ्या पिशवीत. सुकं काळ्या डब्यात, कांदा-लिंबू तिसऱ्या पिशवीत, आणि हे सगळं मिळून आणखी एका मोठ्या पिशवीत. घरी पोचल्यावर ते भांड्यांत ओतलं जातं आणि पाच मिनिटांत त्या पिशव्या कचऱ्यात जातात. ज्या घरात हे घडतं तिथल्या फडताळात रुखवतातले, नाव घातलेले स्टीलचे डबे एकावर एक रचून ठेवलेले असतात.

मागं एकदा माझ्यादेखत एक वयस्कर गृहस्थ कडीचा डबा घेऊन आले. मालक म्हणाला, "काका, डबा कशाला आणायचा वो? पार्सल देतो की!" रांगेतली तरुण पोरं हसली. काकांनी डबा गुपचूप पिशवीत घातला. त्या हसण्याचा मला राग आला, आणि त्याहून जास्त राग स्वतःचा आला, कारण मीही काही बोललो नाही. काटकसर आणि स्वच्छता या आपल्या आजीच्या अंगच्या गोष्टी. त्यांची लाज वाटावी अशी वेळ आपण आणली आहे.

आता कुणी सुचवलं की बेळगावच्या एका गल्लीतल्या सगळ्या हॉटेलांनी मिळून एकसारखे स्टीलचे डबे ठेवावेत, शंभर रुपये अनामत घ्यावी, गिऱ्हाइकानं डबा कुठल्याही हॉटेलात परत द्यावा आणि पैसे घ्यावेत, तर पहिला प्रश्न येतो, "दुसऱ्यानं खाल्लेल्या डब्यात आम्ही खायचं?" हाच माणूस हॉटेलात बसून शेकडो ओठांना लागलेल्या पेल्यानं पाणी पितो. तिथं त्याला उष्टं आठवत नाही. मग अडचण स्वच्छतेची नाही. ते आपलं जुनं सोवळं आहे.

या सोवळ्यानं इथं काय केलं हे आपल्याला ठाऊक आहे. 1925 च्या एप्रिलमध्ये याच निपाणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद भरली होती. पलीकडे कोल्हापुरात, पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना राजर्षी शाहू महाराजांनी चहाचं हॉटेल काढायला मदत केली, आणि स्वतः तिथं थांबून त्यांच्या हातचा चहा घेतला. महाराजांनी नुसता उपदेश केला नाही, कप तोंडाला लावला. माणसाला माणूस मानतो की नाही याची परीक्षा आपल्याकडे नेहमी भांड्यापाशीच झाली आहे.

आज ते उष्टं कुणाकडे जातं? पहाटे पौरकार्मिक, म्हणजे सफाई कामगार, बाई गाठ मारलेली पिशवी उघडते. आत हाडं, आंबलेला रस्सा, त्यातच माखलेला काळा डबा. ती हातानं वेगळं करते. हातमोजा असला तर असतो, नसला तर तेलकट तवंग बोटांवरच असतो. आपण स्वतःचा डबा विसळायला तयार नाही म्हणून आपलं उष्टं ती उपसते, आणि ती बहुधा कोणत्या वस्तीतून येते हे सांगायची गरज नाही. उरलेलं बेळगावातून तुरमुरीच्या डेपोत जातं. तो वास, ती कुत्री, त्या माश्या तुरमुरीच्या लोकांनी का सोसायच्या? पावसाळ्यात बळ्ळारी नाला तुंबून शहापूर-वडगावच्या भातात पाणी शिरतं तेव्हा आपण गाळ काढा म्हणून ओरडतो. त्या गाळात आपल्या पिशव्या आहेत.

कायदा नाही असं नाही. कर्नाटकानं 2016 मध्ये प्लास्टिकच्या पिशव्या, ताटल्या, पेले यांवर बंदी घातली, महाराष्ट्रानं 2018 मध्ये. 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या ताटल्या-चमच्यांवर देशभर बंदी आली. तरीही दोन राज्यांच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, रस्सा पातळ पिशवीतच मिळतो. कागदी कपानं सुटका होईल म्हणावं तर त्यालाही आतून प्लास्टिकचा थर असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना 2020 मध्ये आढळलं की त्यात शंभर मिलिलिटर गरम पेय पंधरा मिनिटं ठेवलं तर सुमारे 25 हजार सूक्ष्म कण उतरतात. पोरांसाठी उकळता रस्सा पिशवीतून नेताना हे आठवावं.

आणि हे जमणार नाही असं कुणी म्हणू नये. मुंबईचे डबेवाले 1890 पासून डबा नेतात आणि रिकामा परत आणतात. निलगिरीत सरकारी दारू दुकानांनी 2022 पासून बाटलीवर दहा रुपये अनामत ठेवली. जर्मनीत 2023 पासून मोठ्या हॉटेलांना परतीचं भांडं ठेवावंच लागतं, आणि लहान दुकानालासुद्धा मागितल्यास गिऱ्हाइकाच्या डब्यात भरून द्यावं लागतं. इतकं लांब तरी कशाला जायचं? आपल्या गावातला भांडी भाड्यानं देणारा बारशाला दोनशे ताटं मोजून देतो, मोजून घेतो, हरवलं तर पैसे कापतो. हिशेब आपल्याला येतो. 1956 पासून सीमाभागातल्या ज्या मराठी समाजानं भाषेसाठी लाठ्या खाल्ल्या, त्याला घरातून एक डबा नेणं जड जावं, ही मला लाजिरवाणी गोष्ट वाटते.

हॉटेलमालकांनो, पार्सलचे पैसे वेगळे लावता ना? मग डबा आणणाऱ्याला तेवढे कमी करा आणि तसं पाटीवर लिहा, मराठीत आणि कन्नडमध्येही. आणि तुम्ही, वाचणाऱ्यांनो, येत्या रविवारी निघताना कडीचा डबा बरोबर घ्या. रांगेतलं कुणी हसलं तर हसू दे. डबा पुढं करा.