येझदी घ्यावी की न घ्यावी?



मागच्या अंकातला पाण्याच्या टाकीतल्या क्षारांवरचा मजकूर बऱ्याच वहिनींना उपयोगी पडला असे कळले. त्यामुळे या वेळचे सदर पुरुषमंडळींसाठी राखून ठेवले आहे. अर्थात यातला सगळ्यात अवघड प्रश्न एका वहिनींनीच विचारला, पण तो पुढे येईल.

विषय आहे जुनी मोटारसायकल. जुबैल-दम्माम भागातल्या आपल्या चार-पाच सभासदांनी गेल्या वर्षभरात मला हे विचारले आहे. गावाकडे कुणाच्या तरी शेडमध्ये एखादी जावा, येझदी, राजदूत किंवा बुलेट पडून असते, मालक भंगाराच्या वर थोडे मागतो, आणि इकडे आपला माणूस रात्री जेवण झाल्यावर तोच फोटो मोठा करून करून बघत बसतो. तुम्ही केमिस्ट, गंजाचे तुम्हाला कळते, तेव्हा सांगा घ्यावी का? आता माझ्यावरच ती वेळ आली, म्हणून हिशोब जाहीर मांडतो.

आमच्या कोल्हापूरच्या दादाने एक 1986 ची येझदी रोडकिंग हेरली आहे. (कोल्हापुरात येझदी कुणी म्हणत नाही, येझडी म्हणतात.) किंमत 22 हजार रुपये. इंजिन जाम, टाकी गंजलेली, सीट उंदरांनी कुरतडलेली. मात्र दोन्ही सायलेन्सर जागेवर आहेत आणि ‘सांगाडा सरळ आहे’, असे दादाचे म्हणणे.

तरुण सभासदांसाठी थोडा इतिहास. जावा हे नाव यानेचेक आणि वांडरर या दोन नावांच्या पहिल्या अक्षरांतून 1929 मध्ये चेकोस्लोव्हाकियात तयार झाले. इराणी कुटुंबाने म्हैसूरला ‘आयडियल जावा’चा कारखाना काढला आणि 1961 पासून तिथे जावा तयार होऊ लागली. सत्तरच्या दशकात तिची येझदी झाली. हे नाव इराणमधल्या याझ्द शहराशी जोडतात, म्हणजे आपल्या समोरच्याच किनाऱ्यापलीकडच्या गावाशी. रोडकिंग आली 1978 मध्ये. अडीचशे सीसी, टू-स्ट्रोक, एकच सिलिंडर पण सायलेन्सर दोन. किक आणि गिअर एकाच दांड्याला, किक मारून झाली की तोच दांडा खाली वळवायचा. ज्याने ही गाडी शिकली त्याचा पाय आजही दुसऱ्या गाडीवर चुकीच्या जागी जातो. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली, लोक लिटरला किती किलोमीटर हे विचारू लागले, आणि येझदीचे दिवस भरले. कारखाना 1996 मध्ये बंद पडला. 2018 मध्ये जावा आणि 2022 मध्ये येझदी ही नावे पुन्हा रस्त्यावर आली, पण ती फोर-स्ट्रोक इंजिनाची वेगळी गाडी आहे, तिचे सुटे भाग आपल्या 1986 च्या गाडीला चालत नाहीत.

आता पैसे. इथे आपला सगळ्यांचा डोळा फसतो. रियाल 1986 पासून डॉलरला 3.75 वर बांधलेला आहे. ही येझदी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा एका रियालला साडेतीन रुपयेसुद्धा मिळत नव्हते. आज वीसच्या वर मिळतात. म्हणजे गाडी म्हातारी होत गेली आणि आपल्याला ती दरवर्षी आणखी स्वस्त दिसत गेली. 22 हजार रुपये म्हणजे इथल्या हिशोबात कुटुंबाची एका महिन्याची किराणा-भाजी, फार तर. पण 22 हजार ही गाडीची किंमत नव्हे, ती प्रवेश फी आहे. दादाने शिवाजी उद्यमनगरात दोन ठिकाणी विचारून अंदाज काढला: क्रँक खोलून नवा कनेक्टिंग रॉड, सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन, बेअरिंगे आणि सील, वायरिंग, टायर-ट्यूब, सीट, रंग, क्रोम. बेरीज 60 हजारांच्या पुढे गेली, आणि कोल्हापूरचा मिस्त्री बोलतो त्याच्यात चौथाई मिळवूनच धरावे. म्हणजे सगळे मिळून लाखाच्या आसपास. तेवढ्यात चालती-फिरती, कागदपत्रे असलेली जुनी येझदी मिळू शकते. तेव्हा बचत होते म्हणून मोडकी गाडी घ्यायची, हे कारण इथेच बाद झाले. उरते ती हौस. हौसेला माझी ना नाही, फक्त तिला हौस म्हणावे, गुंतवणूक म्हणू नये.

इंजिनाची मला फार काळजी वाटत नाही. ते लोखंड आणि ॲल्युमिनियम आहे, उद्यमनगरात त्याला औषध आहे, आणि सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेत हिंडले की बरेचसे मिळतात. मला काळजी वाटते ती चकाकणाऱ्या भागांची. क्रोमचा थर मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, खरे संरक्षण त्याच्याखालचे निकेल करते. निकेलला बारीक भोके पडली की पाणी आतल्या पोलादापर्यंत जाते आणि गंज खालून वर फुगत येतो, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणून क्रोमवर ठिपके दिसले की पॉलिश घासून उपयोग नाही. सगळे उतरवून पुन्हा निकेल आणि पुन्हा क्रोम करावे लागते. हे काम अनेक गावांत एका अंधाऱ्या खोलीत, पंख्याशिवाय, हातमोजे नसलेली पोरे करतात, आणि त्या हौदात असते सहा संयुजेचे क्रोमियम, ज्याने कॅन्सर होतो हे सिद्ध झालेले आहे. माझे मत विचाराल तर सायलेन्सर काळे रंगवावेत. दादाला ते अजिबात पटलेले नाही.

दुसरी गोष्ट पेट्रोलची, आणि ती आपल्यासारख्या वर्षातून एकदा घरी जाणाऱ्यांनी नीट वाचावी. इथल्या पंपावरच्या 91 मध्ये इथेनॉल नसते. भारतात 2025 पर्यंत पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आले. (त्यातले थोडेफार आमच्याच जिल्ह्यातल्या उसाचे, त्यामुळे तक्रार तरी कुठे करणार?) नव्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या असतात, 1986 ची नाही. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून तोच जेट ठेवला तर मिश्रण पातळ होते आणि टू-स्ट्रोक इंजिन तापून पिस्टन धरण्याची भीती राहते. जेट बदलून त्यावर इलाज होतो. जुने रबरी सील आणि नळ्या फुगतात, त्याही बदलता येतात. पण इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, याला इलाज नाही. गाडी रोज फिरली तर ते पेट्रोल आठवडाभरात जळून जाते. पावसाळाभर उभी राहिली तर मात्र पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर होतो, तो टाकीच्या तळाशी बसतो आणि तिथून पत्रा खातो. थोडक्यात, आजच्या पेट्रोलवर चालणारी येझदी ठीक, उभी राहणारी येझदी नव्हे. आणि आपली गाडी वर्षातले अकरा महिने काय करणार, हे तुम्हीच सांगा. इथल्या कामगार कायद्याने पाच वर्षे नोकरी झाल्यावर वर्षाला 30 दिवस रजा मिळते. त्यातले लग्न-मुंजीचे दिवस, सासुरवाडीचे दिवस, बँकेचे आणि दाताच्या डॉक्टरचे दिवस वजा करा.

कागदपत्रे. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते, मग तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. दुचाकीची ही फी पूर्वी 300 रुपये होती, एप्रिल 2022 पासून ती 1000 झाली आणि 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी आणखी वाढवली. वर पर्यावरण कर आणि उशिराचा दंड. कुणी ‘व्हिंटेजमध्ये नोंदवू’ असे सांगितले तर ऐकू नका. 2021 चा तो नियम पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना आहे, शिवाय तशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. आमची येझदी पन्नाशीला 2036 मध्ये पोचेल. सौदा ठरवण्याआधी चासी आणि इंजिन नंबरावर कागद धरून पेन्सिलने ठसा घ्यावा आणि आरसी बुकाशी ताडून पाहावा. दादाने तसे केले. नंबर जुळले, पण बुकावरचे नाव बारा वर्षांपूर्वी वारलेल्या गृहस्थांचे निघाले आणि नोंदणी 2001 मध्येच संपलेली. विकणारा त्यांचा पुतण्या. खरे वारस तिघे. ‘साहेब, कागदाचं नंतर बघू’ असे पुतण्या म्हणाला. जिथे हे वाक्य ऐकू येईल तिथून चहा पिऊन उठावे.

हे सगळे फोनवर चालले असताना वहिनींनी फोन हातात घेतला. “भाऊजी,” त्या म्हणाल्या, “तुमचा फ्लॅट पंधरा दिवसांनी उघडून झाडायचा, तुमची गाडी दर रविवारी चालू करायची, पाणीपट्टी भरायची, ते सगळं हे करतात. करतात ते आनंदानं करतात, मी काही म्हणत नाही. पण आता ही तिसरी कुठं ठेवायची आणि तिच्यापुढं कोण उभं राहायचं, तेवढं सांगून ठेवा.”

दादा मागून ओरडत होता, “मी हाय न्हवं हितं!” हेच तर. आपल्यापैकी किती जणांच्या घरी असा एक दादा, मेहुणा किंवा सत्तरीचे वडील ‘आहेत न्हवं’, म्हणून आपण इथे बसून तिकडे वस्तू वाढवत असतो. कुलूपबंद फ्लॅट, कव्हर घातलेली मारुती, हौसेने लावलेली पंचवीस आंब्याची रोपे. पैसे आपण पाठवतो, त्यामुळे वस्तू आपली वाटते. पण तिच्यासाठी रविवार जातो तो दुसऱ्याचा, आणि तो कुठल्याच एक्स्चेंजमधून पाठवता येत नाही. दादा आता 52 वर्षांचा आहे, त्याचे गुडघे दुखतात, आणि त्याने आजवर मला एकदाही नाही म्हटलेले नाही. म्हणूनच त्याच्या हो म्हणण्यावर मी निर्णय घेऊ शकत नाही.

सौ.चे मत पडले की नकोच, विषय संपवा. दोन दिवस विचार करून मी दादाला असे कळवले: माझ्यासाठी ही गाडी घ्यायची नाही. तुला स्वतःला हवी असेल तर आधी वारसांपैकी एकाच्या नावावर कागद होऊ देत, मगच पैसे द्यायचे. गाडी तुझ्या नावावर. खर्च मी देईन, तो दिवाळीची भेट म्हणून, हिशोब मागणार नाही. रंग तुझा, सायलेन्सर तुझे, क्रोम करायचे तर कर. मी रजेवर येईन तेव्हा मागच्या सीटवर बसेन. उद्या कंटाळा आला तर मला न विचारता विकून टाक. आणि वहिनींना नको असेल तर नको.

यावर दादाचे उत्तर चार दिवस आले नाही, हे त्याच्या बाबतीत नवीनच. मग कळले की तो पहिल्यांदाच खरोखर विचार करत होता. दोन वारसांच्या सह्या झाल्या आहेत, तिसरे पुण्याला असतात. ते नाही म्हणाले तर येझदी आहे तिथेच राहील, आणि वहिनींना त्याचे दुःख होणार नाही.

पुष्कळांनी टाकीच्या गंजाची कृती मागितली होती, ती देऊन थांबतो. आधी जुने पेट्रोल उघड्यावर काढून घ्या, आसपास बिडी-काडी, वेल्डिंग काही नको. पेट्रोलचा कॉक काढून ठेवा, त्या भोकाला रबरी बूच मारा. साबणसोड्याच्या गरम पाण्याने आतले तेल धुवा, कारण तेलकट गंजाला आम्ल लागतच नाही. मग किराणा दुकानातले सायट्रिक ॲसिड, ज्याला आपण लिंबूसत्त्व म्हणतो, दर लिटर कोमट पाण्याला 50 ते 100 ग्रॅम या प्रमाणात घालून टाकी काठोकाठ भरा आणि रात्रभर ठेवा. झाकण घट्ट लावू नका, आत थोडा हायड्रोजन तयार होतो. मिस्त्री संडास साफ करायचे ॲसिड सुचवेल, ते वापरू नका, ते गंजाबरोबर चांगला पत्राही खाते आणि मागे क्लोराइड सोडून जाते. सकाळी ओतून टाका, खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा (फसफसेल, घाबरू नका) आणि लगेच गरम हवेने वाळवा. लगेच म्हणजे खरोखरच लगेच, उघडा पडलेला पत्रा बघता बघता पुन्हा तांबूस होतो. वाळली की पावशेर टू-स्ट्रोक ऑइल आत घालून टाकी सगळीकडून फिरवा. ओतलेल्या पाण्यावरचा तेलाचा तवंग चिंध्यांनी टिपून घ्या, आणि ते पाणी विहिरीच्या किंवा ओढ्याच्या बाजूला सोडू नका.