हुकमाआधी बैठक

मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक, कर्नाटक राज्य,
अरण्य भवन, मल्लेश्वरम्, बेंगळुरू यांस



जे. पी. नगरातून दक्षिणेकडे निघाले की थोड्याच अंतरावर तुरहळ्ळीचे वन लागते. खडक, काटेरी झुडपे आणि उन्हाळ्यात करपून पहिल्या पावसाबरोबर पुन्हा उगवणारे गवत एवढेच त्याचे वैभव. तेथे वृक्षोद्यान उभारावे असे आपल्या खात्याने ठरविले, आणि २०२१ च्या आरंभी हे झुडपी रान आहे तसेच राहू द्या म्हणून नागरिक तेथे जमले, तेव्हा योजना मागे पडली. याचा मला आनंद आहे; परंतु जे संभाषण आराखडा तयार होण्यापूर्वी व्हावयास हवे होते ते आंदोलनानंतर व्हावे, ही कारभाराची रीत सदोष होय.

बन्नेरघट्टा राष्ट्रीय उद्यानाचा मामला याहून गंभीर आहे. २०१६ च्या मसुद्यात उद्यानाभोवतीचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र २६८.९६ चौरस किलोमीटर होते. २०२० च्या अंतिम अधिसूचनेत ते १६८.८४ उरले. अशा मसुद्यावर हरकती घेण्यास साठ दिवसांची मुदत असते खरी. पण हत्तींची वाट मोकळी राहावी म्हणणारा नागरिक, निर्बंधांना धास्तावलेला शेतकरी आणि खाणमालक यांनी आपापली कैफियत वेगवेगळी धाडावयाची, त्यांना समोरासमोर बसविण्याची तरतूद मात्र नाही, आणि शंभर चौरस किलोमीटर कोणत्या युक्तिवादाने गेले याचा सामान्य माणसास उलगडा होत नाही.

आमच्या महाराष्ट्रातही याहून वेगळे घडले नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. २००६ चा वनहक्क कायदा बांबूस गौण वनोपज म्हणत होता, १९२७ चा वन कायदा त्याची गणना वृक्षांत करीत होता, आणि म्हणून बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेस मिळेनात. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, तेव्हा परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. जे गाव शेवटच्या माणसाची हरकत मिटेपर्यंत बोलत राहून सर्वानुमते निर्णय घेते, त्याच्याशी तेथील वनखात्याचा वाद एका पुस्तकावरून इतका लांबावा आणि तो मिटविण्यास दिल्लीहून मंत्र्यास यावे लागावे, याचे मला फार दुःख होते.

वनजमीन बळकावणाऱ्यांशी तडजोड करा, असे मी म्हणत नाही. त्यांच्यासाठी कायदा पुरेसा आहे. माझी विनंती एवढीच की, वनाच्या वापरात बदल करणारा कोणताही आराखडा कागदावर उतरण्यापूर्वी शेजारचे ग्रामस्थ, नागरिक आणि आपले अधिकारी यांची बैठक व्हावी. तिचा अध्यक्ष खात्याबाहेरचा असावा, कारण वादातील पक्षानेच न्याय करू नये. आणि नामंजूर झालेल्या प्रत्येक हरकतीस सकारण लेखी उत्तर मिळून त्याची नक्कल स्थानिक वन कचेरीत कन्नडमध्ये लावली जावी. तुरहळ्ळीविषयी पुढचा कोणताही हुकूम निघण्यापूर्वी अशी पहिली बैठक आपण तेथेच बोलवावी. हाच अर्ज कन्नडमधूनही आपल्या दफ्तरी सादर करीत आहे.

आपला नम्र,
जे. पी. नगरचा एक मराठी रहिवासी