नव्या बॅटरीआधी अर्थिंग पाहा

तुर्भे, घणसोली, ऐरोलीकडे टॅक्सी-टेंपोवर चूल पेटणारी घरे पुष्कळ. सकाळी चावी फिरवावी आणि सेल्फने नुसते 'टक' करावे, म्हणजे दिवसाची रोजी बुडाली. सगळे म्हणतात, बॅटरी गेली. उसनवार करून नवी आणावी, तर आठ दिवसांत तीही बसते! अशा वेळी दोष बहुधा दुसरीकडेच असतो. म्हणून आम्ही सांगतो, खिशात हात घालण्याआधी मल्टिमीटर हातात घ्या.

मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत आकडा 13.8 ते 14.5 पर्यंत चढतो. चढला नाही, तर चार्जिंग होत नाही. आधी पट्टा सैल आहे का पाहा. नव्या, संगणकाच्या गाड्यांत मात्र हा आकडा खालीवर होत राहतो.

आता अर्थिंग. बॅटरीतून निघालेल्या विजेला परत यावेच लागते. तिची परतीची वाट म्हणजे निगेटिव्हपासून बॉडीला आणि इंजिनला जाणारी जाड तार. आपल्याकडे शेजारी खाडी, वर चार महिने पाऊस. खाऱ्या दमट हवेने बोल्टखाली गंज चढतो, तार मात्र वरून धडधाकट दिसते. इंजिन चालू ठेवून हेडलाइट लावा. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी अल्टरनेटरच्या उघड्या धातूवर टेकवा. हात आणि पदर पट्ट्यापासून दूर ठेवा. आकडा 0.2 च्या वर गेला, तर वाट अडली आहे असे समजा. बॉडीवरही असेच पाहा.

उपाय साधा आहे. इंजिन बंद करून निगेटिव्ह तार आधी सोडा. जोडताना ती शेवटी जोडा. पॉलिशपेपरने धातू चकाकेपर्यंत घासा, बोल्ट घट्ट आवळा, वर ग्रीस लावा. बॅटरीजवळ विडी-काडी नको, तिच्यातला गॅस पेट घेतो. 'डायनामो तपासतो' म्हणून चालू इंजिनवर बॅटरीची तार कोणी काढू लागला, तर त्याला थांबवा. त्याने अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात.

मीटर वाचायला घरातल्या मुलामुलींनाही शिकवा. आकडा स्वतःला वाचता आला, की दुसऱ्याच्या अंदाजापायी पैसे मोजावे लागत नाहीत.