प्रबंध कपाटात, प्रश्न ओपीडीत

चुलीपुढे तीस वर्षे फुंकणी फुंकलेली बाई धाप लागते म्हणून सरकारी रुग्णालयात येते, तेव्हा तिच्या तोंडाशी स्पायरोमीटरची नळी धरली जाते. मोठा श्वास घ्यायचा, जोरात सोडायचा, छाती रिकामी होईपर्यंत सोडत राहायचा. आणि असे किमान तीन प्रयत्न ग्राह्य ठरावे लागतात. खोकल्याने मध्येच तुटलेल्या श्वासाचाही आकडा यंत्र बिनदिक्कत छापून देते. तो फसवा आहे हे ओळखणे, हा फुफ्फुसरोगांच्या संशोधनाचा पहिला धडा. पुस्तक वाचून तो येत नाही.

एम.डी. करणाऱ्या प्रत्येक निवासी डॉक्टरला प्रबंध लिहावा लागतो. म्हणजे कागदोपत्री सगळेच संशोधक. प्रत्यक्षात विषय बहुधा आधीच्या तुकडीचाच, थोडा फिरवून घेतलेला. रात्रपाळ्यांतून उरलेल्या वेळात माहिती गोळा होते. संख्याशास्त्रज्ञाची आठवण होते ती शेवटच्या महिन्यात, चूक सुधारण्याची वेळ टळल्यावर. परीक्षा झाली की प्रबंध कपाटात. पोरांना बोल लावण्यात अर्थ नाही. त्यांच्या मार्गदर्शकांनाही हे कुणी शिकवलेले नसते.

वेगळे घडू शकते, आणि ते याच देशात घडले आहे. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोग केमोथेरपी केंद्र सुरू झाले. प्रश्न साधा होता : क्षयरुग्णाला सॅनेटोरियममध्येच ठेवायला हवे, की दाटीवाटीच्या घरात, अपुऱ्या जेवणावरही औषधे तेवढाच गुण देतील? कोणता रुग्ण कुठे राहणार हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता यादृच्छिक पद्धतीने ठरवले गेले. गोळ्या खरेच घेतल्या जातात का, हे पाहायला घरी अचानक भेटी होत, लघवी तपासली जाई. १९५९ मध्ये निष्कर्ष आले : घरचा उपचार जवळपास तितकाच गुणकारी, आणि घरातल्या माणसांना त्यामुळे जादा धोकाही नाही. जगभरच्या क्षयउपचाराची दिशा बदलली. डॉक्टर, जंतुशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ आणि घरोघर जाणाऱ्या परिचारिका तिथे एकाच कामाला जुंपलेल्या होत्या. नवखे तिथे काम करता करता शिकले.

आज जगातले सुमारे पाव क्षयरुग्ण भारतात आहेत. त्यांतल्या अनेकांच्या कार्डावर ‘बरा’ असा शेरा पडतो, पण जिना चढताना धाप राहतेच. कुणाची फुफ्फुसे किती निकामी होतात, का होतात, याचा पाठपुरावा वर्षानुवर्षे करायला तरुण माणसे हवीत. पण फुफ्फुसाच्या पेशींवर पीएच.डी. करणारी मुलगी वॉर्डात पाऊल टाकत नाही, आणि वॉर्डातला डॉक्टर प्रयोगशाळेत केवळ थुंकीची डबी पाठवतो. दोघांना एकाच रुग्णावर एकत्र बसवायला नवी इमारत लागत नाही. आठवड्यातल्या दोन दुपारी निवासी डॉक्टरला वॉर्डातून मोकळे करावे, त्याच्या जागी माणूस द्यावा, संख्याशास्त्रज्ञाला पहिल्या दिवशी बोलवावे आणि पाठ्यवृत्तीचे पैसे दर महिन्याला खात्यावर जमा करावेत.